दाबून ठेवलेला खोकला

फ्लूचा ताप उतरला, पण खोकला मुक्काम ठोकून बसला आणि नेमके तेव्हाच मला बघायला पाहुणे यायचे होते. मंठ्याच्या डॉक्टरांनी औषधाची बाटली देताना सांगितलं होतं की हा खोकला औषधानं नुसता दबतो, जातो तो आपल्या सवडीनं. गरम पाणी पी आणि पडून राहा. त्यातलं पडून राहणं आईनं ऐकलंच नाही. पाहुण्यांसमोर पोरगी खोकली की टीबीचा संशय येतो आणि तो मग सोयऱ्याधायऱ्यांत फिरतो, एवढंच तिच्या डोक्यात.

खोकला मलाही नको होता, पण माझं कारण वेगळं होतं. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मी बियांची उगवण तपासायचे. लग्नानंतर ही नोकरी करू देणार का, हे मला सगळ्यांदेखत विचारायचं होतं. मोठ्या मिनतवारीनं आई कबूल झाली होती. एकच प्रश्न, तोही शेवटी.

सकाळपासून माझ्यावर प्रयोग सुरू झाले. आईचा अडुळशाचा काढा, काकूचं आलं-मध, वर ते सिरप, ज्यानं खोकला राहिला बाजूला आणि डोळेच मिटायला लागले. गार वारा लागेल म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद. जीव नुसता घुसमटत होता. पाहुण्यांची गाडी दारात थांबली तशी आईनं ज्येष्ठमधाची जाडजूड काडी माझ्या गालात सारली.

"पाहुणे जाईस्तोर चघळत बैस," ती म्हणाली. "तोंड उघडू नको."

डोक्यावर पदर घेऊन मी सतरंजीवर बसले. मुलाच्या आईनं नाव विचारलं, ते काकूनं सांगितलं. शिक्षण आईनं सांगितलं. स्वयंपाक येतो का, यावर दोघी एकदमच बोलल्या. मी आपली मान हलवत होते. घशातली खाज वर चढत होती, डोळ्यांत पाणी येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. आता विचारू का म्हणून मी आईकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.

"पोरगी लई शांत हाय," मुलाची आई खूश होऊन म्हणाली. "आमाला अशीच पाहिजे होती." आणि मला भरवायला तिनं पेढा उचलला.

मी काडी तोंडातून काढली. लग्नानंतर मला जालन्याची नोकरी करू द्याल का, एवढं विचारलं आणि इतका वेळ कोंडलेला खोकला सुटला तो थांबेचना. थांबला तेव्हा मी डोळे पुसून मुलाकडे पाहिलं. तो कपातला चहा बघत होता. त्याच्या आईनं पेढा परत ताटात ठेवला आणि ती माझ्या आईला म्हणाली, "आधी औषध द्या तिला."

प्रश्न सगळ्यांनी ऐकला होता. बाटली आईच्या पदराआड तयारच होती. तिनं चमचा भरून माझ्यासमोर धरला. मी तिच्याकडे पाहिलं, पण चमचा मागे गेला नाही.

मी तोंड उघडलं आणि गिळलं.