लोणी-हळदीचे टायर

आधीच सांगून टाकतो... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. तांड्यावर कोणी भुताखेताचं सुरू केलं की मी उठून चालता व्हायचो. आता तेच लोक मला हसतात. हसू द्या.

आमचा बंजारा तांडा बाभुळगावजवळ. धाकटी बहीण सविता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ पोटात आडवं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं — कळ आली की घरी एक मिनिट थांबू नका, सरळ यवतमाळ गाठा. गाडीचे टायर पार झिजले होते, म्हणून मी यवतमाळजवळ लोहारा गावी जाऊन चारही नवे टाकून आणले.

टायरवाला म्हणाला, "भाऊ, सुरुवातीले दमानं चालवा. नव्या रबरावर चिकना थर रायते. तो घासून जाईपर्यंत पकड नाही येत. अन् जोरात ब्रेक तं मारूच नका!"

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात येऊन बघतो तर काय — याडी, म्हणजे माझी आई, पळसाच्या पानानं टायरला लोणी आणि हळद चोळत बसलेली! पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे चोळतात ना, अगदी तस्सं. गाडी पुढे-मागे ढकलून चारही टायर गोल चोळून झाले होते.

"अवं याडी, काय करून राह्यली? घसरन न गाडी!"

"कायले बोंबलतं? वज्जन कोन ओढते? हेच न? मंग खांदे यायचेच चोळाचे."

डोकंच फिरलं माझं. फडकं घ्यायला आत वळलो, तेवढ्यात सविता किंचाळली. कळ आली होती.

फडकं राहिलं तिथंच. याडीनं सविताला मागच्या सीटवर मांडीवर घेतलं आणि आम्ही निघालो. रात्री अवकाळी पाऊस पडून गेला होता, रस्ता ओलाच होता. स्टिअरिंग हाताला हलकं, उगाच हलकं लागत होतं. जोरात चालवावं तर टायरची भीती, हळू चालवावं तर मागून सविताचं ओरडणं...

"दादा, लवकर चाल न रे!"

मी पाय दाबला. एका वळणावर कपाशीतून रोही, नीलगाईचा दांडगा नर, उडी मारून आडवा आला आणि मी सगळी ताकद लावून ब्रेक मारला.

गाडी थांबलीच नाही. बाजूनं घसरत रस्ता सोडून शेतात निघाली. पुढे विहीर होती, बिनकठड्याची. मी डोळे उघडे ठेवून बघत होतो हो! विहिरीच्या तोंडातलं हिरवं पाणी दिसलं मला. संपलं, एवढंच मनात आलं.

आणि मग... काहीच नाही. धक्का नाही, आवाज नाही. गाडी उभी होती. विहीर मागे, गाडीचं तोंड रस्त्याकडे. मधलं मला काही म्हणजे काही आठवत नाही.

मी दार उघडून उतरलो तर पाय घोट्यापर्यंत चिखलात रुतला. आरडाओरडा केला. मागून येणारा पिकअपवाला धावत आला, आम्ही सविताला उचलून त्याच्या गाडीत घातलं. निघता निघता तो थबकला.

"भाऊ, गाडी वावरात घातली कुठून?"

मी बघितलं. ओल्या काळ्या मातीत आमच्या पावलांचे खड्डे होते. चाकोरी मात्र कुठेच नव्हती... ना पुढे, ना मागे. कपाशीचं एक झाड मोडलं नव्हतं. चारही टायर स्वच्छ, चिखलाचा ठिपका नाही. एवढा डांबरी रस्ता तुडवून आल्यावरही त्यांवर हळद होती. ओली, ताजी.

दुपारी सिझर झालं. मुलगी. दोघी सुखरूप.

मी सविताला विचारलं. ती म्हणाली, "मले वाटलं तू रस्त्यावरच थांबवली गाडी." याडीला विचारलं तर ती फक्त हात जोडून रडली. संध्याकाळी पिकअपवाल्याला सोबत घेऊन ट्रॅक्टर लावला, तर गाडी काढताना गुडघाभर चाऱ्या पडल्या; आत येतानाची मात्र एकही नव्हती.

भास म्हणू नका. भास झाला असता तर मला एकट्याला झाला असता. मी अजूनही देवळात फारसा जात नाही. काय झालं ते मला माहीत नाही, हेच खरं. भाचीला त्या गाडीत बसवायची मला भीती वाटते... आणि दुसऱ्या कुठल्याही गाडीत बसवायची त्याहून जास्त.