विमानात न चढलेली भेंडी
भेंडीची देठं कापताना तो हिरवा, चिकट वास आला की मला महाप्याजवळची आमची पॅकिंगची शेड आठवते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शेडच्या मालकीणबाई नवरा गेल्यावर ती एकट्याच चालवायच्या. मी त्यांची टायपिस्ट. आमची भेंडी विमानानं आखातात जायची. एका दुपारी आम्ही दोघी टेम्पोतून माल घेऊन विमानतळावर पोचलो, तर सरकारी विमानात जागाच नव्हती. समोर परदेशी विमान अर्धं रिकामं उभं. "मग त्यात घाला ना," बाई म्हणाल्या. "परदेशी कंपनीला ठरल्यापेक्षा जास्त माल न्यायची सरकारची परवानगी नाही," माल नोंदवायच्या खिडकीतले साहेब म्हणाले. "आपल्या विमानाचा धंदा बुडेल." "आणि माझा?" "बाजारात विका." उन्हात खोकी तापायला लागली होती. बाईंनी टेम्पोवाल्याला पाठवून स्टोव्ह आणि कढई मागवली, आणि गेटासमोरच लसूण-मिरची घालून भेंडी परतायला घेतली. हमाल, ड्रायव्हर पाव घेऊन जमले. साहेब धावत आले. "इथं स्वयंपाकाला परवानगी नाही!" "तसं लेखी द्या," बाई म्हणाल्या, "आणि तोवर दोन घास खाऊन घ्या." माल गेला नाहीच; उरलेली भेंडी आम्ही तिथंच वाटून टाकली. पण पुढच्या आठवड्यात बाई नवी खोकी घेऊन त्याच खिडकीवर उभ्या, शेजारी मी. परदेशी विमानांचा तो नियम सैल व्हायला पुढं कितीतरी वर्षं गेली. आता मला कुणी "नियमात बसत नाही" म्हटलं, की मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसते आणि म्हणते, दाखवा नियम.