लंकाबाईचा पेसमेकर आणि बंद गिरणी

लंकाबाईला २००५ च्या फेब्रुवारीत पुण्यात पेसमेकर बसवला. त्याआधी दोन महिने तिला उभ्या-उभ्या अंधारी यायची. एकदा तर ज्वारी ओतता ओतता ती पोत्यावरच कलंडली. डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके मधूनच थांबतात, ते सांभाळणारं छोटं यंत्र डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत बसवावं लागेल. आठवडाभरानं ती डिंगोऱ्याला परत आली ती ठणठणीत होऊन. पण घरच्यांनी आणि गावानं तिचा जेवढा जीव खाल्ला, तेवढा दुखण्यानंही खाल्ला नव्हता.

नवरा गेल्यापासून बारा वर्षं पिठाची गिरणी तिनं एकटीनं चालवलेली. पट्टा घसरला तर चढवायची, दगड गुळगुळीत झाले की त्यांना टाकी लावायची. कुणाला भाकरीचं पीठ बारीक लागतं, कुणाला रवाळ, सगळं तोंडपाठ. आणि आता तिला कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देईना.

सून हर्षालीनं टीव्ही आतल्या खोलीत नेला. चटणी वाटायची तर मिक्सर उचलून शेजारच्या साळुबाईकडं जायची. मुलगा आदेश दारात आला की मोबाईल अंगणातल्या तुळशीजवळ ठेवायचा, आणि वाजला की जेवणावरून उठून पळायचा. साळुबाई स्वतःच्या घरात टीव्ही लावतानाही लंकाबाईला बजावायची, "माज्या हातात रिमोट हाय, समोर येऊ नको. बटन दाबलं की बंद पडशील."

"टीव्ही बंद पडंल, मी कशाला पडंन?"

"तुला काय कळतंय त्यातलं!"

एका संध्याकाळी लोडशेडिंगमुळं लाईट गेली, तर साळुबाई कंदील घेऊन धापा टाकत आली.

"लंके, हायेस का गं?"

"हाय. चुलीपुढं बसलीय. का?"

"लाईट गेली ना! म्हणलं, तुजं मशीन कशावर चाललं असंल?"

"त्याला आत बॅटरी हाय. सात-आठ वर्सं जाती."

"मग चार्जिंगला वायर कुठनं लावत्यात?"

लंकाबाई तोंड फिरवून भाकरी थापत बसली.

हे सगळं एक वेळ ती सोसत होती. पण आदेशनं गिरणीला कुलूप घातलं तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं. तो म्हणायचा, "एवढी मोठी मोटार. जवळ गेलीस तर तुझ्या मशीनची आतली तार ओढून घेईल." गावातल्या बाया डोक्यावर डबे घेऊन ओतूरला दळायला जाऊ लागल्या. लंकाबाई ओट्यावर बसून त्यांना जाताना बघायची आणि दिवसभर कुणाशी धड बोलायची नाही.

तीन महिन्यांनी तपासणी होती. तिनं आदेशला दंडाला धरूनच डॉक्टरांपुढं बसवलं. "आता तुज्या कानानं ऐक," म्हणाली, आणि एकेक विचारायला लागली. डॉक्टरही शांतपणे सांगत गेले. टीव्ही, रिमोट, मिक्सर यांनी काही होत नाही. मोबाईल उजव्या कानाला लावायचा, ब्लाउजमध्ये डाव्या बाजूला ठेवायचा नाही. मोठ्या स्पीकरला छाती टेकवायची नाही, त्यात लोहचुंबक असतं. गिरणी चालवा, पण चालू मोटारीवर वाकायचं नाही, हातभर अंतर ठेवा.

"एक मात्र कडक सांगतो," डॉक्टर म्हणाले. "वेल्डिंग चालू असेल तिथं थांबायचं नाही. लांब व्हायचं. आणि पेसमेकरचं कार्ड कायम जवळ ठेवा."

आदेश सगळ्याला मान हलवत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं कुलूप काढलं.

तीन महिने बंद असलेली गिरणी सुरू करायची म्हणून बघितलं, तर लोखंडी स्टँडचा एक पाय तडकलेला. आदेशनं जुन्नरहून वजीर वेल्डरला बोलावलं. वजीरनं टेम्पोतून मशीन उतरवलं, केबल आत ओढल्या, तोंडावर काच धरायच्या बेतात होता. तडकलेला पाय हलत होता. आदेशनं आजूबाजूला बघितलं आणि हाक मारली, "आई, जरा हा पाय धर गं. इथं दाबून."

लंकाबाईनं कमरेवर हात ठेवले.

"काय म्हणलास?"

"पाय धर. दोनच मिनिटं."

"आरं, सुनेची चटणी शेजारी वाटून येती, माज्यासमोर कुणी रिमोट धरीना, फोन तुळशीत ठिवतोस! आन् डॉक्टरनी ज्या एका गोष्टीला नको म्हणलं, तीच माज्या हातात देतोस व्हय रं? कान कुठं ठिवून आला व्हतास?"

आदेशचा चेहरा उतरला. वजीरनं काच खाली घेतली. "काय झालंय काकींना?"

आदेशनं चाचरत पेसमेकरचं सांगितलं. वजीर मशीन बंद करून उठलाच.

"आधी नाय का सांगायचं, भाऊ? केबल तर त्यांच्या पायाशीच पडलीय!" मग तो लंकाबाईकडं वळला. "काकी, तुमी पार त्या चिंचंखाली जाऊन बसा. मी मशीन बंद करून हाक मारतो, तवा या. बाकी काय नाय."

लंकाबाई निघाली. राग होताच, पण चालताना तिला जरा हलकंही वाटलं. किती दिवसांनी कुणीतरी तिला न घाबरता, न घाबरवता, जेवढं करायचं तेवढंच सांगितलं होतं. चिंचेखाली बसून ती निळा उजेड दिसू नये म्हणून पाठ करून राहिली. आत स्टँडचा पाय आदेशनंच धरला होता.

वजीरची हाक आली तशी ती उठली. आदेश दारात अंगठा चोळत उभा होता. "आई, चुकलं."

"ऱ्हाऊ दे. पट्टा बघ, ढिला पडलाय."

दुपारपर्यंत गावात कळलं आणि डबे यायला लागले. पाच डबे दळून झाले. सहावा साळुबाईचा. ती उंबऱ्याबाहेरच थांबली, दोन्ही हात मागं लपवून.

"लंके, येऊ का आत? न्हाई म्हणलं, हातात पितळी बांगड्या हायेत माज्या. तुला काय व्हायचं न्हाई ना?"

लंकाबाईनं कपाळावर हात मारला, आणि साळुबाईच्या पायाशी ठेवलेला डबा उचलून गहू गिरणीत ओतला.