फादरांचा खांदा आणि एकसंध बायबल

“चार भाग कर म्हणजे चार भाग कर,” फादर एवढ्या जोरात ओरडले की मरोळची कबुतरं उडून थेट गोराईला उतरली.

बाइंडर जागचा हलला नाही. दातांत दोरा, मांडीवर फादरांचं पानं सुटलेलं जाडजूड बायबल. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तोही पुस्तकांची नावं विचारत नसे. हातात आलेलं पुस्तक नुसतं हुंगून मालकानं ते कुठवर वाचलंय ते सांगायचा. माझा कायद्याचा ग्रंथ हुंगून म्हणाला होता, “तिसऱ्या पानावर झोपलात.”

फादर सेमिनरीत, म्हणजे नवे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, बायबल शिकवायचे. ते धूड रोज तीन जिने चढवून त्यांचा खांदा कामातून गेला होता; आता त्यांना रोज लागेल तेवढाच भाग न्यायचा होता.

“पण फादर,” बाइंडर दोरा काढून म्हणाला, “मघाशी तासभर तुम्हीच सांगत होता ना? ते तुमचे निवृत्त पोप म्हणायचे, अभ्यासकांनी बायबलचा एकेक तुकडा खुशाल तपासावा, पण वाचताना ते एकच पुस्तक म्हणून वाचावं.”

“म्हणायचे. आमचे विद्वान अजून त्यावरच भांडतात.”

“बरोबर बोलले. मीपण आधी सगळं उसवतो. पण उसवलेलं गिऱ्हाइकाला परत देत नाही.”

आणि त्यानं सुई ओवली.

आठवड्यानं फादर रस्त्यात भेटले. काखेत तेच जाडजूड, एकसंध बायबल, अंग त्या बाजूला कललेलं. मी विचारलं, “शेवटी पोपचंच ऐकलंत?”

“ऐकलं,” फादर म्हणाले. “त्यांची पिशवी दुसरं कोणीतरी उचलत असणार.”