कुंपणाबाहेरची गादी

आमच्या गल्लीच्या टोकाला एक गादीवाला राहतो. त्याला सगळे झोपशेठ म्हणतात. अगदी तोंडावर म्हणतात, आणि तोही हसून ओ देतो. गावातली निम्मी माणसं त्याच्या हातच्या गाद्यांवर घोरतात, पण या गोष्टीच्या वेळी तो स्वतः कित्येक महिने धड झोपलेला नव्हता. उशीवर डोकं टेकलं की कानात बारीक घूं सुरू व्हायचं. कूस बदलली की तेही बरोबर कूस बदलायचं. वय झालं, आता असंच चालायचं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

घर बैठं. पुढे दुकान, मध्ये दोन खोल्या, मागे मोठं अंगण आणि त्याच्या कोपऱ्यात कापसाची कोठी. अंगणाला तारेच्या जाळीचं कुंपण आणि पलीकडे अरुंद बोळ. घरात तो आणि त्याची थोरली बहीण, अक्का. अक्का खिडकीपाशी बसून खोळी शिवायची, तो अंगणात कापूस पसरून गाद्या भरायचा. त्या अंगणात कापूस कुठे नसायचा? अक्काच्या केसांत असायचा, चहाच्या कपात असायचा, कोळ्याच्या जाळ्यात असायचा. ऊन तिरपं झालं की कापसाचे पुंजके हवेत जागच्या जागी थबकल्यासारखे दिसायचे. अशा वेळी दुकानात आलेलं गिऱ्हाईकसुद्धा हळू आवाजात बोलायचं.

एकदा ट्रकमधून कापसाच्या गाठी उतरवताना दोन गाठींच्या फटीत कुत्र्याचं एक पिल्लू झोपलेलं सापडलं. ड्रायव्हरने हात झटकले, "माझं नाही बुवा." पिल्लाने एक डोळा उघडला, सगळ्यांना पाहून घेतलं आणि परत मिटला. रंग पाऊस यायच्या आधीच्या आभाळासारखा. अक्का म्हणाली, "पांढऱ्या कापसात हा काळा ढग कुठून आला?" झालं, त्याचं नाव ढग्या पडलं.

ढग्या वाढला तो सगळा पायांत वाढला. पण स्वभावाने गरीब. कुणावर भुंकणं नाही, चपला पळवणं नाही. दिवसभर भरलेल्या गादीच्या कडेला पडून राहायचा आणि झोपशेठच्या हातातला दाभण वरखाली होताना बघायचा.

पुढे झोपशेठने कापूस पिंजायचं मोठं मशीन घेतलं. आधी तो कापूस बाहेरून पिंजून आणायचा, आता ते काम घरच्या घरी व्हायला लागलं. मशीन अंगणातल्या पत्र्याखाली बसवलं. दुपारी गिऱ्हाईक कमी, म्हणून दुपारी चालवायचं. अक्का तेव्हा कानात कापसाचे बोळे घालून आडवी व्हायची. झोपशेठ नाकातोंडावर फडकं बांधून, कुंपणाकडे पाठ करून कापूस आत सरकवत राहायचा. मशीन बंद करून त्याने मागे वळून पाहावं, तर अंगण रिकामं.

पहिल्यांदा तो घाबराघुबरा होऊन गल्लीभर फिरला. संध्याकाळी ढग्या आपला आपण पुढच्या दाराने आला, पाणी प्यायला आणि झोपला. दुसऱ्या दिवशी तेच. मग रोजचंच झालं. कुंपण कमरेएवढं होतं, ते झोपशेठने छातीएवढं केलं. ढग्या तरीही जायचा. नीट पाहिलं तेव्हा कळलं, की कुंपणाला लागून जुन्या गाद्यांची चळत रचलेली आहे आणि तिच्यावर पंजांचे ठसे आहेत.

"तूच जिना बांधून दिलायस त्याला," अक्का म्हणाली. "आता वर कठडा पण लाव, हात धरून चढेल."

चळत हलवली. ढग्या चार पावलं मागे जाऊन धावत यायला लागला. बोळाच्या तोंडाशी सायकल दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं. त्याने एकदा त्याला उडताना पाहिलं. तो सांगायचा, "शेठ, काय सांगू! कुत्रं असं वाटतच नाही. पण उतरताना आपटतो हो. खाली फरशी आहे."

हे ऐकल्यापासून झोपशेठच्या जिवाला चैन पडेना. कुंपण आणखी वाढवावं तर हा आणखी उंचावरून पडणार. शेवटी त्याने काय करावं? एक जुनी जाड गादी उचलली, तिला मेणकापडाची खोळ चढवली आणि बोळात, कुंपणाच्या बाहेर, ढग्या जिथे उतरायचा तिथे अंथरली.

अक्काने खिडकीतून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अरे, लोक कुत्र्याला आत ठेवायला कुंपण घालतात. तू त्याच्यासाठी बाहेर बिछाना घालतोस?"

"लागायला नको त्याला," झोपशेठ एवढंच म्हणाला.

गल्लीला महिनाभर पुरेल एवढा विषय मिळाला. सायकलवाला जेवण झालं की त्या गादीवर खुशाल लवंडायला लागला आणि ढग्याची वेळ झाली की उठून जागा द्यायचा. एका मांजरीनेही तिथे बस्तान मांडलं. हसणारे हसले, पण ढग्या उतरायचा मऊ गादीवर, एवढं खरं.

मग एका दुपारी घात झाला. अक्काच्या बोलण्याला कंटाळून झोपशेठने कुंपणाच्या वरच्या कडेला एक तार ताणून बसवली होती. ढग्याने उडी घेतली आणि त्याचा मागचा पाय तारेत अडकला. मशीनच्या आवाजात त्याचं ओरडणंही ऐकू आलं नाही. सायकलवाला बोंबलत पुढच्या दाराने आत आला तेव्हा कुठे झोपशेठने वळून पाहिलं. ढग्या डोकं खाली करून लोंबकळत होता. अक्का कानातल्या बोळ्यांसकट बोळात धावली. तिने त्याला खालून पोटाशी उचलून धरलं, झोपशेठने तार तोडली. ढग्याने तशाही अवस्थेत कुणाला दात लावला नाही. झोपशेठने मशीन बंद केलं आणि त्याला उचलून तडक दवाखाना गाठला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि बोलायला मोकळ्या होत्या. पायाला टाके घालता घालता त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली. बाहेरच्या गादीचं ऐकून त्यांचा हात क्षणभर थांबला.

"काका, एक विचारू? तो जातो कुठे?"

"ते नाही माहीत. संध्याकाळी आपला आपण येतो."

"बरं, उडी मारायच्या आधी काय होतं? कुणी जातं बोळातून? दुसरं कुत्रं? मांजर?"

"मी पाहिलंच नाही कधी. माझी पाठ असते तिकडे."

"मग आधी पाहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुत्रं उगाच कुंपण ओलांडत नाही. एक तर त्याला पलीकडे काहीतरी हवं असतं, नाहीतर अलीकडचं काहीतरी नको असतं. ते कळल्याशिवाय कुंपण कितीही वाढवा, तो त्याच्यावरची उंच उडी शिकेल. आणि ती तार आजच काढून टाका. अडवायचंच तर वरची जाळी आतल्या बाजूला वाकवा. वर छत आल्यासारखं दिसलं की सहसा उडी घेत नाहीत."

पाय बरा होईपर्यंत मशीन बंद राहिलं. झोपशेठ बाहेरून कापूस आणत होता, आणि ढग्या पट्टी बांधलेला पाय लांब करून शहाण्यासारखा गादीपाशी पडून होता. टाके निघाले, तो पुन्हा धावायला लागला, तेव्हा झोपशेठने अक्काला सांगितलं, "आज मशीन तू सुरू कर. मी बोळात थांबतो."

तो सायकलच्या दुकानाच्या सावलीत उभा राहिला. जाळीतून ढग्या दिसत होता, डोळे मिटलेला. आत मशीन घरघरलं. ढग्याचे कान सपाट झाले. तो उठला, अंग आखडून गोल गोल फिरला, आणि मग धावत येऊन त्याने अंग झोकून दिलं. वरून जाताना त्याचा चेहरा झोपशेठला स्पष्ट दिसला. त्यात मस्ती नव्हती, मजा नव्हती. गादीवर उतरून त्याने अंग झाडलं आणि तो चालू लागला. झोपशेठ त्याच्या मागे निघाला.

ती दुपार झोपशेठ अजून सांगतो, पण सांगताना मध्येच थांबतो, स्वप्न आठवावं तसा. तो जन्मभर याच गावात राहिलेला, पण भर दुपारी गल्लीबाहेर असा कधी हिंडलेलाच नव्हता. दुकानांची दारं अर्धी ओढलेली. न्हावी आपल्याच खुर्चीत मान टाकून झोपलेला, आरशातही झोपलेला. एका गॅलरीत वाळत घातलेला सदरा एक बाही हळूच वर करायचा आणि खाली सोडायचा. ढग्या पुढे, अजिबात घाई नाही, कामावर निघालेल्या माणसासारखा. एका वळणावर त्याने मागे वळून पाहिलं, झोपशेठ दिसला, आणि जणू याला यायचंच होतं अशा थाटात तो पुढे चालला. पूल गेला. पुलाखालून उतरणारी पायवाट नदीकाठच्या गवतात शिरली. तिथे होड्या दुरुस्त करायची जागा होती. उलट्या करून ठेवलेल्या होड्या ओळीने पडल्या होत्या, मोठमोठ्या कासवांसारख्या.

शेवटच्या होडीची एक कड दगडावर टेकवून उचललेली होती. ढग्या तिच्याखाली शिरला. झोपशेठ थोडा वेळ उभा राहिला, इकडेतिकडे पाहिलं, आणि मग तोही गुडघ्यांवर येऊन आत सरकला.

आत हिरवट उजेड होता. लाकडाच्या फटींतून उन्हाच्या रेघा आल्या होत्या आणि पाण्याची झळाळी होडीच्या पोटावर हलत होती. ओल्या लाकडाचा आणि रंगाचा वास. बाहेर नदी काठाला लागत होती, थांबत होती, पुन्हा लागत होती. ढग्याने उसासा टाकला आणि आपलं डोकं झोपशेठच्या पोटरीवर ठेवलं. आता उठू, असं झोपशेठच्या मनात आलं. तेवढंच त्याला आठवतं.

होडीवर टकटक झाली तेव्हा उजेड पिवळा झाला होता. होड्या रंगवणारा म्हातारा वाकून आत बघत होता.

"कुत्र्याची ओळख होती," म्हातारा म्हणाला. "आज पाहुणे पण आणले वाटतं."

झोपशेठ ओशाळून बाहेर आला. "माफ करा. डोळा लागला."

"डोळा? अहो, तुमच्या घोरण्याने बगळे उडाले." म्हाताऱ्याने ब्रश डब्यात ठेवला. "हा येतो रोज. कुणाला त्रास नाही. तुम्ही ते गादीवाले ना? तुमचं मशीन पार पुलापर्यंत ऐकू येतं. इथे मात्र येत नाही. मला वाटतं म्हणूनच हा एवढ्या लांब येत असावा."

झोपशेठने नदीकडे तोंड वळवलं. तो ऐकत होता. नदीचा आवाज होता, वाऱ्याचा होता. कानातलं ते घूं मात्र पाण्याच्या आवाजात विरून कुठे गेलं होतं ते सापडेना. ते आपल्या वयाचं नाही, आपल्या अंगणातल्या मशीनचं आहे, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं. अक्काने कानात बोळे घातले होते, त्याने स्वतः नशिबावर ढकललं होतं, आणि ढग्याकडे फक्त चार लांब पाय होते.

घरी येऊन त्याने अक्काला सगळं सांगितलं. अक्काने हातातली खोळ बाजूला ठेवली.

"म्हणजे तो पळत नव्हता," ती म्हणाली. "आपण हाकलत होतो."

मग दोघं कामाला लागली. मशीन पत्र्याखालून उचलून कोपऱ्यातल्या कोठीत नेलं. कोठीच्या भिंतींना, दाराला, अगदी छतालासुद्धा झोपशेठने जुन्या गाद्या ठोकल्या. वारा खेळायला एक झरोका ठेवला आणि त्यालाही कापसाची जाड झडप केली. मशीन सुरू करून अक्काला अंगणात उभं केलं, तर ती म्हणाली, "कुणीतरी शेजारच्या घरात जात्यावर दळतंय, एवढंच वाटतं." डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे कुंपणाची वरची जाळी आत वाकवली. सायकलवाल्याने ढग्या जिथून उडी घ्यायचा त्या बाजूला वर एक गोल फिरणारा पाइप बसवून दिला, पंजा टेकला की घसरावा असा. पैसे घेतले नाहीत. त्याची झोपायची गादी जाणार म्हणून तोंड मात्र पाडलं.

ढग्या एका दिवसात सुधारला असं नाही. पहिले काही दिवस मशीन सुरू व्हायच्या आत अक्का त्याला बाहेर फिरायला न्यायची. "या वयात मला कुत्र्यामागे धावायला लावलंस," असं म्हणायची आणि मुद्दाम लांबची वाट धरायची. मग मशीन थोडाच वेळ चालवायचं आणि त्या वेळात अक्काने त्याच्याशी बोलत, बिस्किटाचे तुकडे देत बसायचं. एकदा ढगांच्या गडगडाटात तो पाइपवरूनही निसटून गेला आणि पावसात चिंब भिजून परत आला. कुणी रागावलं नाही. पुढे पुढे मशीन लागलं की तो फक्त एक कान हलवायचा आणि अक्काच्या पायांवर मान टाकायचा.

झोपशेठ कानांच्या डॉक्टरकडेही गेला. घूं पूर्ण जाणार नाही, पण वाढणारही नाही, असं ते म्हणाले. त्याला तेवढं पुरलं. आता तो मशीनपाशी कान झाकून काम करतो आणि रात्री खिडकीत एक जुना पंखा लावून ठेवतो. त्याच्या भरभरीत त्याला नदी ऐकू येते म्हणे. बऱ्याच रात्री झोप लागते.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तो आणि ढग्या पुढच्या दाराने बाहेर पडतात आणि पुलाखाली उतरतात. म्हाताऱ्याशी त्याची गट्टी जमली आहे. त्याच्या पाठीसाठी झोपशेठने एक पातळ गादी भरून दिली. एकदा तो आणि ढग्या गेले तर ती शेवटची होडी जागेवर नव्हती. नवा निळा रंग लावून तिला पाण्यात सोडलं होतं. गवतात तिच्या आकाराचा फिकट, पिवळा डाग राहिला होता. ढग्याने त्याच्या कडेकडेने हुंगत एक पूर्ण फेरी मारली, मग मधोमध जाऊन उघड्या आभाळाखाली अंग टाकलं. झोपशेठ त्याच्या शेजारी बसला. नदीच्या मध्यावर एक निळी होडी अगदी सावकाश वळत होती. ती तीच की दुसरी, हे त्याला इतक्या लांबून सांगता येईना.