जांघेतली गाठ

माझं गाव गोंदियाकडचं. शाळा सातवीतच सुटली. पुढं मोठी झाल्यावर गावच्या एका बाईबरोबर सोलापुरात आले, चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात. ती बाई परत गेली, मी राहिले.

कारखान्याच्या नव्या बुटांनी टाचेला फोड आला. तो मी शिवायच्या सुईनं फोडला. टाच लाल झाली, तापली, टम्म सुजली. त्याचं काही वाटलं नाही. पण अंघोळ करताना जांघेत हाताला गाठ लागली आणि मी अंघोळ अर्धीच टाकून बाहेर आले.

आईलाही गाठच होती, छातीत. लाजेनं तिनं ती दाखवली नाही, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता. आता माझी, तीही असल्या जागी. कुणाला सांगणार? मशीनवर कुणाचं लक्ष नसलं की मी ती दाबून बघायची. वाढली का? अजून दुखते का? दुसरं काही सुचायचंच नाही.

माझ्या घरमालकीण करकंबच्या. मी त्यांना मावशी म्हणते. त्यांनी अंगणातच गाठलं.

"लंगडतीस का गं?"

"बूट लागला."

"बूट टाचेला लागला न्हवं? मग जांघेवर हात कशाला?"

मला रडू फुटलं. सगळं सांगितलं. मावशी हसल्याच.

"अगं, अवधाण हाय ते! पायाला लागलं की जांघेत गाठ येतीच की. लई शहाणी तू!"

बोलता बोलता त्यांनी माझी सलवार वर सरकवली. पोटरीवर लाल रेघ चढलेली दिसली आणि त्यांचं हसू गेलं.

"चप्पल घाल. आत्ताच्या आत्ता."

दवाखान्यात डॉक्टरबाई होत्या, म्हणून दाखवू शकले. त्या म्हणाल्या, "ही लाली, ही सूज तुमच्या शरीरानंच आणलीय. जखमेजवळच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, म्हणून लाल आणि गरम. त्यातून पाणी आणि पांढऱ्या पेशी बाहेर येतात जंतूंशी लढायला, म्हणून सूज."

"आणि गाठ?"

"पायाकडून वर येणारं पाणी तिच्यातून गाळलं जातं. जंतू आले की तिथं त्यांची ओळख पटते आणि लढणाऱ्या पेशी वाढतात. काम वाढलं की ती फुगते, दुखते."

मी सुटकेचा श्वास टाकणार, तोच त्यांनी रेघेवर बोट ठेवलं.

"पण ही रेघ म्हणजे जंतू वर चढायला लागलेत. लांबवलं असतं तर ते रक्तात गेले असते. मग टाचेवरची ही आग सगळ्या अंगात भडकते. वाचवणारीच जिवावर उठते."

मी आईच्या गाठीचं विचारलं. त्या म्हणाल्या, "तिची वेगळी असणार. पण दाखवायच्या दोन्ही."

इंजेक्शन, गोळ्या, पाय उशीवर. कारखान्यात निरोप मावशींनीच धाडला, मऊ भातही त्यांनीच भरवला. माझं इथं कोण होतं?

रेघ गेली, सूज उतरली. गाठ मात्र वाटाण्याएवढी उरली. हळूहळू जाईल, नाही गेली तर परत या, असं डॉक्टरबाईंनी सांगितलंय. तरी अंघोळीला बसले की हात तिथं जातोच. मावशींना ते ठाऊक असावं. बाहेरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडतात, "हाय का गेली गं गाठ?"

पहिल्यांदा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता मीही आतून तेवढ्याच मोठ्यानं सांगते, "आहे मावशी! पण वाढली नाही!"