एका पोत्याची जागा

कळमन्याच्या धान्यबाजारात देवराव गजभिये सत्तावीस वर्षं पोती रचत होता. पाठीवर पोतं वाहणारे हमाल पुष्कळ, रचणारे थोडे. पन्नास किलोचं पोतं कुठं आडवं टाकायचं, कुठं उभं, कोणाचं तोंड आत घ्यायचं, हे कळायला हात बसावा लागतो. चौदा थरांची थप्पी महिनाभर उभी राहिली पाहिजे आणि तिच्या बाजूच्या गल्लीतून माणसांना निर्धास्त जाता आलं पाहिजे. देवराव आणि नानाजी मोटघरे यांची जोडी या कामात बाजारभर माहीत होती. नानाजी खालचे थर लावायचा. त्याला पाया म्हणत. पाया झाला की तो गल्लीत उतरायचा आणि वरचे थर देवराव लावायचा. थप्पीला नाव मात्र पाया लावणाऱ्याचं. नानाजीची थप्पी, असंच सगळे म्हणत. ही रीत कोणी पाडली कोणास ठाऊक, पण देवरावला तिचं कधी वाईट वाटलं नव्हतं. त्याला स्वतःचं नाव पुढे आलेलं आवडतच नसे.

या दोघांची एक डबी होती. करड्या प्लास्टिकची, हातात मावेल एवढी, दोन पेन्सिल सेलवर चालणारी. तिच्या छोट्याशा पडद्यावर वरून काळ्या विटा पडत आणि बटणं दाबून त्या फिरवून खाली नीट बसवायच्या. आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी व्हायची. नानाजीने ती सीताबर्डीच्या फुटपाथवरून नातीसाठी, काजलसाठी घेतली होती. काजल दोन दिवस खेळली आणि तिने ती टाकून दिली. मग नानाजीने ती डब्याच्या पिशवीत घालून बाजारात आणली. त्याला आता दहा वर्षं होऊन गेली.

पहिल्या दिवशी देवराव त्या खेळावर चिडलाच होता.

"हे काय गा, एवढा नीट थर लावला आन गायब?"

"बरंच हाये ना," नानाजी म्हणाला. "उतरवायले हमाल लागत नाई."

टोळीतले सगळे हसले. बाकीच्यांकडे मोबाईल आले, त्यावर ते नाच पाहत, मारामाऱ्या पाहत. ही दोघं जेवण झालं की टिनाच्या शेडखाली डबी काढून बसत. एकाचा ढीग वर टेकला की डबी दुसऱ्याच्या हातात. पिंटू नावाचा टोळीतला हमाल त्यांना चिडवायचा, "दिवसभर पोती रचता आन सुट्टीत बी पोतीच रचता. घरी भाकरी बी रचूनच खाता का?"

देवरावला त्याला कधी नीट सांगता आलं नाही. त्याला सगळ्याच गोष्टी सांगायला अवघड जात. पण त्याला ठाऊक होतं. बाजारात रचलेली थप्पी चार दिवसांनी ट्रकवर चढायची, दुसरा माल यायचा, पुन्हा पहिल्या थरापासून सुरुवात. खांदा सुजायचा, मणका दुखायचा आणि काम होतं तिथंच असायचं. डबीत पोतं हलकं होतं. ओळ भरली की भार उतरायचा, वरचं सगळं अलगद खाली यायचं. घरी बायकोशी, जयाशी कुरबुर झाली, मुलीची, पायलची परीक्षा बिघडली, मुकादम काही बोलला, तरी डबी हातात आली की पंधरा मिनिटांत त्याचा श्वास सरळ चालायला लागायचा. दुसरं काही सुख त्याने स्वतःसाठी कधी मागितलं नव्हतं.

खेळता खेळता त्याला एक युक्ती साधली. उजव्या कडेला एक उभी जागा रिकामी सोडायची. बाकीचं सगळं गच्च भरत न्यायचं. मग वरून लांब दांडी आली की ती त्या फटीत सोडायची. चार थर एकदम साफ. दांडी यायची वाट पाहण्यातच खरी मजा होती. पुढं पुढं तर बोटं आपोआपच ती जागा सोडायला लागली.

यंदा फेब्रुवारीत तुरीची आवक दाबून झाली. त्या दुपारी देवरावचा डाव रंगला होता. तो तसाच थांबवून, डबी खिशात ठेवून तो थप्पीवर चढला. नानाजीचा सहा थरांचा पाया तयार होता. देवराव सातवा थर लावत होता, आठवा लावत होता, आणि डोक्यात दांडी होती. सातव्या थरात उजव्या कडेला, गल्लीच्या बाजूला, त्याच्या हातांनी एका पोत्याची जागा सोडली. आठव्या थराचं पोतं त्या पोकळीवरून आडवं गेलं. त्यावर नववं, त्यावर दहावं. थप्पी बाराव्या थरावर असताना कडेची पोती पोकळीत खचली आणि अख्खी बाजू गल्लीत आली. देवराव भिंतीच्या बाजूला होता, तो वरच राहिला. नानाजी गल्लीत होता.

पोती उपसून त्याला बाहेर काढलं तेव्हा तो शुद्धीवर होता. कमरेचं हाड आणि उजवी मांडी मोडली होती. दवाखान्यात सळई टाकली. काठी घेऊन चालता येईल, पोतं आता उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

बाजार समितीचा माणूस चौकशीला आला. मुकादम धम्मानंद म्हणाला, "पाया नानाजीचा होता." बाजाराच्या रीतीने ते बरोबरच होतं. कोसळलेल्या ढिगात कुठली जागा रिकामी होती हे कोणाला दिसणार? त्या माणसाने देवरावला विचारलं, "तुम्ही वर होते. काय झालं?"

"मले समजलं नाई," देवराव म्हणाला.

तेवढंच. तीन शब्द. त्या दिवसापासून बाजारात सगळे म्हणू लागले, नानाजीची थप्पी पडली. म्हातारा झाला, नजर गेली, पाया कच्चा राहिला. सत्तावीस वर्षांत ज्याचं एक पोतं घसरलं नव्हतं त्याच्याबद्दल लोक चहा पिता पिता असं बोलत आणि देवराव कपाकडे बघत राही.

तो नानाजीला भेटायला दवाखान्यात गेला नाही. घरी आणल्यावरही गेला नाही. पारडी काही लांब नव्हती. इंदोऱ्याला आपल्या घरी जाताना सायकल पाच मिनिटं उलटी वळवली असती तरी पुरे होतं. रोज निघताना तो ठरवायचा आणि रोज हँडल सरळ राहायचं.

आणि तो खेळत होता. हीच गोष्ट त्याला स्वतःला सगळ्यात घाण वाटायची. ज्या डबीपायी हे झालं ती फेकून द्यायला हवी होती. पण घरी आला, हातपाय धुतले, की हात तिच्याकडेच जायचा. दुसरीकडे कुठं डोकं थांबतच नव्हतं. विटा पडू लागल्या की गल्लीतला तो आवाज मागं जायचा. मग बोटं सवयीने उजवी कड रिकामी सोडायची आणि ते दिसताच तो घाईघाईने ती भरून टाकायचा. तसं केलं की ढीग वेडावाकडा व्हायचा आणि डाव लवकर संपायचा. तो पुन्हा सुरू करायचा.

पायलने हे पाहिलं. "बाबा, हे जुनाट कायले धरून बसले? हाच खेळ मोबाईलमधे टाकून देते तुम्हाले. रंगीत हाये." तिने टाकूनही दिला. दोन डाव झाले की मधेच दागिन्यांची जाहिरात यायची, एक बाई हसत हार दाखवायची. देवरावने मोबाईल उलटा ठेवला.

एप्रिलच्या एका रविवारी नानाजीची बायको सुभद्रा स्वतः त्याच्या दारात आली. उन्हाने तिचा चेहरा लाल झाला होता. जयाने तिला कूलरसमोर बसवलं, पाणी दिलं.

"देवरावभाऊ, हे म्हणतेत, डबी पाठवून द्या," ती म्हणाली. "दिवसभर छताकडे पाहून राह्यते माणूस. टाइम जात नाई त्यांचा."

देवराव म्हणाला, "सेल गेले तिचे. नवे टाकून देतो."

"टाकून आणा मग तुम्हीच. दोन महिने झाले, भाऊ. सगळी टोळी येऊन गेली. ते काही म्हणत नाई, पण दार वाजलं का मान वळवते."

ती गेल्यावर जया बराच वेळ भांडी आवरत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "सेल तर चांगले हायेत. सकाळीच खेळून राह्यले होते तुम्ही." देवरावने डबी खिशात घातली. जयाने पुढं काही विचारलं नाही. तिच्या न विचारण्याचाच त्याला जास्त त्रास झाला.

संध्याकाळी चार वाजता त्याने सायकल काढली.

नानाजी पुढच्या खोलीत लोखंडी पलंगावर होता. एवढ्या दिवसांत त्याचे दंड सुकून गेले होते. अंगावरच्या बनियनमध्ये दुसरा एक माणूस मावला असता. देवरावला बघून तो म्हणाला, "ये. लय लांब राह्यतं गा तू."

देवरावने डबी त्याच्या हातात दिली आणि स्टुलावर बसला. सुभद्रा चहा टाकायला आत गेली. नानाजीने बटण दाबलं. किरकिऱ्या आवाजात ती धून वाजली आणि विटा पडू लागल्या. नानाजीचे अंगठे आधी अडखळले, मग लागले. तो पडद्यावरून नजर न हलवता खेळत होता, आणि देवराव बघत होता. डावीकडून एकेक ओळ भरत आली. उजव्या कडेला एक जागा रिकामी राहिली.

"नानाजी," देवराव म्हणाला. "त्या दिवशी सातव्या थरात एक पोतं मी टाकलंच नव्हतं."

नानाजीचे अंगठे थांबले नाहीत.

"कडेचं. गल्लीकडचं. डोक्यात हे होतं." त्याने डबीकडे बोट केलं. "तुहा पाया पक्का होता. माहा हात चुकला."

"ठाव हाये मले."

देवरावला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. नानाजी तसाच खेळत होता.

"मी खालून पाह्यलं होतं ते भोक. आवाज देणार होतो. मग म्हटलं, देवराव हाये, भरल तो. आजवर कधी विसरला का?" त्याने एक वीट फिरवून बसवली. "म्हणून परत पाह्यलं नाई, तिथंच उभा राह्यलो."

आत चहा उकळत होता. देवरावने दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले.

"मग तू सांगतलं काहून नाई कोणाले?"

"कायले सांगू? ते तुहं होतं सांगाचं." नानाजीने पहिल्यांदा वर पाहिलं. "दोन महिने वाट पाह्यली. पिंटू येऊन गेला, मुकादम येऊन गेला. मुकादम इथंच बसून म्हणे, नानाजी, वयानं होते असं, मनाले लावून घेऊ नको. मी हो म्हटलं. पाय तर मोडलाच हाये गा देवराव. पण पाया कच्चा होता म्हणतेत माहा."

बोलण्यात नानाजीचं लक्ष हटल्याने ढीग वर टेकला होता आणि डाव संपला होता. त्याने पुन्हा बटण दाबलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. सुभद्राने आणलेला चहा देवरावने उभ्याने प्याला. निघताना तो म्हणाला, "येतो." नानाजीने मान हलवली. ती त्याच्यासाठी होती की पडणाऱ्या विटेसाठी, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी चहाला जमली तेव्हा देवरावने सांगितलं. त्याला वाटलं होतं, आवाज फुटणार नाही, पण फुटला. सातवा थर, उजवी कड, एक पोतं. डबीचंही सांगितलं. लपवून आता काय मिळवायचं होतं? कोणी ओरडलं नाही. पिंटूने चहाचा कप खाली ठेवला आणि तो तोंड फिरवून ट्रकचे दोर सोडायला गेला. बाकीचे एकेक करून त्याच्यामागे गेले.

मुकादम धम्मानंद वयाने देवरावपेक्षा लहान होता. त्याला अहो-जाहो करायचा.

"समितीत चालून हेच सांगा," तो म्हणाला. "लिहून द्या. नानाजीवरचं पुसलं जाईल."

"देतो."

"आन थप्पीवर नका चढू आता. पोरं तुमच्याखाली उभी नाई राहाची."

"हो," देवराव म्हणाला.

समितीच्या ऑफिसात त्याने लिहून दिलं. परत आल्यावर मुकादमाने त्याला दाभण आणि सुतळीचा गुंडा दिला. शेडच्या टोकाला फाटक्या पोत्यांची तोंडं शिवायचं काम होतं. ते काम बहुतेक कमरेतून गेलेले लोक करत.

दुपारपर्यंत हरभऱ्याची नवी थप्पी उभी राहू लागली. पिंटू वर होता. सहावा थर संपला तसा तो थांबला, मागं न बघता त्याने हाक दिली, "देवरावभाऊ, कड बरोबर हाये का पाहा जरा."

देवराव दाभण हातात घेऊनच उठला. तेवढ्यात पिंटूला आठवलं. तो दुसऱ्या बाजूला वाकून म्हणाला, "मुकादम, तुम्ही पाहा."

थप्पीची कड देवराव होता तिथूनही नीट दिसत होती. बरोबर होती, कुठंही फट नव्हती. तो खाली बसला, पुढचं पोतं ओढलं आणि त्याचं तोंड शिवायला घेतलं.